वहाणांचा दिवस

“कोणाच्या नावानं रडायचं ते आधी ठरवा,” तिर्सा मावशी म्हणाली. “तोंडात नाव नसलं की हुंदका फुटत नाही. नुसतं ओरडायला आम्ही काय कोल्ह्या आहोत?”

गावातल्या रडणाऱ्या बायकांची ती पुढारी. केस मोकळे सोडून, अंगाला गोणपाट गुंडाळून अंगणाच्या भिंतीपाशी बसली होती. मागे तिच्या दोघी मुली. तिघींचे डोळे कोरडे होते आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या.

मी नुकतीच दारातून आत आले होते. हेब्रोनहून आमचं खेडं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. निरोप मिळाला तशी मी पहाटेच निघाले होते. अंजिराच्या झाडाखाली घोंगडीवर अज्जूर काकांना निजवलं होतं. डोक्यापासून घोट्यापर्यंत पांढरं कापड होतं. घोट्यांपुढे पावलं उघडी होती, आणि त्या पावलांत माझ्या वडिलांच्या वहाणा होत्या.

त्या मी कुठेही ओळखल्या असत्या. बैलाच्या जाड कातड्याचे तळ, तीन तीन वाद्या, आणि उजव्या वहाणेची मधली वादी तुटल्यावर आईनं घातलेला तांबडा टाका. वर्षातले सगळे दिवस त्या दाराजवळच्या कोनाड्यात असत. आई त्यांना तेल लावी. बाकी कोणी हात लावायचा नाही.

“ह्या कोणी घातल्या?” मी विचारलं.

आई उंबऱ्यावर बसली होती. तिनं मान हलवली. उत्तर दिलं ते मत्तान काकांनी. ते वडिलांचे चुलत भाऊ. गोत्रात आता तेच वडीलधारे.

“आम्ही नाही घातल्या, पोरी. काल संध्याकाळी सापडला तोच असा. यादोनच्या दगडावर बसलेला, यादोनची चादर तोंडावरून ओढलेली, पायात ह्या. पुढ्यात वाडगं. त्यात भाजलेले जव, एक दाणा उष्टावलेला नाही. काल कोणता दिवस होता, ठाऊक आहे ना?”

मला ठाऊक होतं. काल वहाणांचा दिवस होता. मी येते म्हणून निरोप पाठवला होता, आणि आले नव्हते.

आमच्यात नवरा मूलबाळ होण्याआधी गेला, तर त्याच्या भावानं त्या विधवेला घरात घ्यायचं असतं. तिला होणारं पहिलं मूल मेलेल्या भावाचं. नाव त्याचं, वावरही त्याचं. मेलेल्या माणसाचं नाव गावातून पुसलं जाऊ नये म्हणून हा नियम; त्याला ‘भावाचं घर बांधणं’ म्हणतात. भावानं नाही म्हटलं, तर वेशीत वडीलधाऱ्यांसमोर ती विधवा त्याच्या उजव्या पायातली वहाण सोडून काढते आणि त्याच्यापुढे थुंकते. तो मोकळा होतो, पण पुढे त्याच्या घराला लोक ‘वहाण काढलेल्याचं घर’ म्हणतात. त्या घरात मुलगी द्यायला कोणी धजत नाही.

माझे वडील यादोन लग्नानंतर पाचच महिन्यांनी गेले. जवाची पहिली पेंढी कापायच्या दिवशी ते हरवलेली शेळी शोधायला पूर्वेच्या उजाड डोंगरांत गेले, ते परत आले नाहीत. तीन दिवसांनी मत्तान काकांना एका दरीच्या काठावर त्यांच्या वहाणा आणि चादर सापडली. त्या दरीत उतरायला वाट नाही. वर्षभर वाट पाहून गावानं त्यांना मेलेलं ठरवलं, आणि अज्जूर काका वेशीत जाऊन हो म्हणून आले. ते धाकटे, वीस वर्षांचे. स्वतःचं वावर नव्हतं, मेंढ्या राखत. त्याच्या पुढच्या वर्षी मी झाले. यमीमा, यादोनची मुलगी.

माझ्या पाठीवर दुसरं मूल झालं नाही.

मी त्यांना काका म्हणे. आई त्यांना भावोजी म्हणे आणि ते आईला वहिनी म्हणत. एका छपराखाली तेवीस वर्षं. मला त्यात काही वावगं कधी दिसलं नाही. लहानपणी जे दिसतं ते असंच असतं म्हणून आपण पाहतो.

वहाणांच्या दिवसाची रीत गावातल्या जुन्या लोकांनी घालून दिली होती. लेकराला बाप ठाऊक असावा, म्हणून वर्षातून एक दिवस. पहिली पेंढी कापली की अज्जूर काका माझ्या वडिलांच्या वहाणा घालत. चादर डोक्यावरून अशी ओढून घेत की नाकाच्या खालचं तेवढंच दिसे. मग अंगणातून चालत येऊन अंजिराखालच्या दगडावर बसत. तो दगड एरवी रिकामा असे. मी त्यांचे पाय धुवायचे, भाजलेले जव पुढे ठेवायचे आणि त्यांना बाबा म्हणायचं. त्या एकाच दिवशी.

त्या पावलांचा आवाज मला अजून ऐकू येतो. काकांची चाल मऊ होती, मेंढ्यांत वावरणाऱ्या माणसाची. ही चाल वेगळी होती. चट्, मग थोडी घसट, मग चट्. तो आवाज फाटकापाशी आला की मी पाण्याचं भांडं उचलून घेई.

आणि आवाजही वेगळा. काका एरवी माझ्याशी बोलतच नसत. पाणी दे, दार लाव, एवढंच. दगडावर बसलेला माणूस मात्र विचारत राही.

“यमी, कोणती मेंढी आवडते तुला?”

“कानफाटी, बाबा.”

“का गं?”

“ती मागे राहते.”

“बरं आहे. मागे राहणाऱ्यावर कोणीतरी नजर ठेवायला हवी. रात्री झोप लागते?”

“हो, बाबा.”

“मला घाबरू नकोस.”

मी मान खाली घालून पाय धूत असे. हात काकांचेच होते, ते मला कळे. डाव्या अंगठ्यावर लोकर कातरायच्या कात्रीचा व्रण होता. पण हात मेलेल्यानं मागून आणलेत, अशी माझी समजूत होती. जाताना तो माणूस माझ्या डोक्यावर ओला तळवा ठेवी, आणि तो गार तळवा निघेपर्यंत मी श्वास घेत नसे.

नऊ वर्षांची असताना, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी मेंढ्या बसवायच्या गोठणीवर गेले. काका कुंपणाचे दगड रचत होते.

“काल बाबा आले होते,” मी म्हटलं. “तुम्ही कुठे होता?”

त्यांनी हातातला दगड फिरवून पाहिला. बसेना, म्हणून दुसरा घेतला.

“मेंढ्यांकडे.”

“तुम्ही कधीच नसता ते आले की.”

“नसतो खरा.” दगड बसवून त्यांनी विचारलं, “काय म्हणाले तुझे बाबा?”

“घाबरू नकोस म्हणाले.”

“मग?”

“मला त्यांची भीती वाटते. त्यांचा हात फार गार असतो.”

काकांनी पुढचा दगड उचलला. पुढच्या वर्षीपासून दगडावरच्या माणसानं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

विसाव्या वर्षी माझं लग्न झालं. माझे यजमान हेब्रोनच्या वेशीत लेखनिक आहेत. घरात खापरांवर, चामड्यांवर लिहिलेलं सतत पडलेलं असे. त्यांच्याकडून मी अक्षरं शिकले, आणि पुढे मिळेल ते वाचू लागले. पहिल्या वर्षी वहाणांच्या दिवशी अंगात ताप आहे असा निरोप धाडला. दुसऱ्या वर्षी पाहुणे होते. तिसऱ्या वर्षी येते म्हणून कळवलं, शिदोरी बांधली, आणि सकाळी ती पुन्हा सोडली. खरं कारण एवढंच की तो चट् असा आवाज मला पुन्हा ऐकायचा नव्हता.

“तर ऐक,” मत्तान काका माझ्याजवळ येऊन बसले. ते दुष्ट नव्हते, हे मला आजही लिहिलं पाहिजे. “तू हाक मारशील ना गुहेपाशी?”

आमच्या घराण्याची गुहा गावाबाहेरच्या टेकडीत कोरलेली आहे. आत दोन्ही बाजूंना दगडी ओटे, मागे खड्डा. माणसाला ओट्यावर निजवतात. वर्षानं हाडं गोळा करून खड्ड्यात, आधीच्या सगळ्यांच्या हाडांत ठेवतात. आत नेण्याआधी त्याच्या मुलानं किंवा मुलीनं गुहेच्या तोंडाशी उभं राहून त्याचं नाव तीनदा हाकारायचं. आतले ऐकतात आणि सरकून जागा देतात. हाक मारणारं कोणी नसेल त्याला ओटा मिळत नाही. खड्ड्याच्या कडेला, खाली ठेवतात. आणि नंतर जो जो आत येईल त्याला तो विचारत राहतो म्हणे, माझं नाव काय होतं.

“कोणत्या नावानं?” मी विचारलं.

“तोच तर खोळंबा आहे,” तिर्सा मावशी भिंतीजवळून म्हणाली.

“तू गप बस गं,” मत्तान काका म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “यादोनच्या. उजवीकडचा पहिला ओटा त्याचा. तेवीस वर्षं रिकामा ठेवलाय. तो आलाच नाही. अज्जूर जन्मभर त्याच्या जागी उभा राहिला, आता त्याच्या जागी निजेल. आणि बघ ना, तो दिवसही कोणता गेला! वहाणा पायात, चादर तोंडावर. अगं, यादोननं स्वतःच त्याला घेतलंय. त्याच्या अंगात शिरून घरी आलाय तुझा बाप. यादोन म्हणून हाक मार. तू त्याची मुलगी, तुझा हक्क आहे.”

अंगणात वारा नव्हता. तरी कापडाची कड पावलांपाशी हलल्यासारखी वाटली, आणि तिर्सा मावशीच्या धाकट्या मुलीनं पाय आत ओढून घेतले.

“आणि अज्जूर काका?”

“त्याला कोण हाक मारणार? त्याला मूल नाही.”

हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले होते. विहिरीवर, खळ्यावर, सणाच्या जेवणात. अज्जूरला मूल नाही. त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्या कानांत शिरलं.

“मी त्यांच्या नावानं मारली तर?”

मत्तान काकांनी खाली पाहिलं. “मग तू अज्जूरची. मग यादोन निपुत्रिक मेला. त्याचं वावर, हे घर, गोत्रात पुढच्या माणसाकडे. तो मीच आहे, म्हणून तर बोलायला जीभ वळत नाही. मला नकोय ते, यमी. पण माझ्या पोरांना हवंय, आणि वेशीतले लोक काही विसरत नाहीत. सिल्ला कुठे जाईल या वयात?”

सिल्ला म्हणजे माझी आई. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. ती उठून आत गेली होती.

मी तिच्यामागे गेले. ती रांजणातून घागरीत पाणी काढत होती. अंगणातल्या बायकांना हात धुवायला लागणार होतं.

“आई, तू सांग.”

“नियम काय ते मत्तानदादांना ठाऊक.”

“तुला काय वाटतं ते विचारतेय.”

“मला कधी कोणी विचारलं नाही गं.” तिनं घागर कमरेवर घेतली, पुन्हा खाली ठेवली. “आता एकदम विचारलंस तर सापडत नाही.”

कोनाडा रिकामा होता. त्यात वहाणांच्या तेलाचे दोन काळे डाग उमटले होते.

“सकाळी दाढी विंचरून बसले होते,” आई म्हणाली. “यमी येणार म्हणाले. मी म्हटलं, भावोजी, दोन वर्षं आली नाही, आजही येत नाही ती. तर म्हणाले, निरोप आलाय. जव स्वतः भाजले. मला हात लावू देईनात. ‘वहिनी, तुमचे जव करपतात.’ तेवीस वर्षं मुकाट्यानं खाल्ले आणि काल सांगितलं.” ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. “दुपारी म्हटलं, दोन घास खाऊन घ्या. तर दगडावरूनच म्हणाले, ‘आज मी यादोन आहे. यमी आल्याशिवाय यादोन खात नाही.’ मी कापणीवर गेले. परत आले तर तसेच बसलेले. मला वाटलं, अजून वाट बघतायत.”

मी बाहेर आले आणि घोंगडीजवळ गुडघे टेकले. तोंडावरचं कापड बाजूला करायचं धाडस झालं नाही. पावलांकडे पाहिलं. धूळ बसली होती. रीत म्हणून पाय धुवायला मी यायचे होते, म्हणून त्यांनी ते धुतले नव्हते.

मी ओल्या फडक्यानं पाय पुसू लागले. उजव्या वहाणेच्या टोकाशी, अंगठ्यापुढे काहीतरी मऊ लागलं. लोकर होती. मेंढीची न धुतलेली लोकर, गच्च बोळा करून कोंबलेली. डाव्या वहाणेतही तशीच. टाचेमागे बोटभर जागा मोकळी राहत होती. वहाणा त्यांना मोठ्या होत्या.

चट्, मग थोडी घसट, मग चट्.

मेलेल्या माणसाला स्वतःच्या वहाणा मोठ्या कशा होतील?

मी तिथेच बसून राहिले. इतकी वर्षं मी ज्याला भ्याले तो कोणी परका नव्हता. दुसऱ्याच्या वहाणा घातल्याशिवाय ज्याला मला जवळ बोलावता येत नव्हतं, माझी आवडती मेंढी विचारता येत नव्हती, बाबा ही हाक ऐकता येत नव्हती, असा एक माणूस वर्षभर कुंपणं रचत त्या दिवसाची वाट पाहत होता. आणि मी त्याच्याच जवळ जाऊन सांगून आले होते, की त्याचा हात फार गार असतो.

ऊन कलायला लागलं तेव्हा चौघांनी घोंगडी उचलली. तिर्सा मावशी आणि तिच्या मुली पुढे, पण मुक्यानं. बाया दारात येऊन पाहत होत्या. रडणाऱ्या बायका गप चालताहेत असं प्रेत आमच्या गावानं पाहिलं नव्हतं. चालताना घोंगडीला झोके बसत आणि सैल वहाणांच्या टाचा पायांवर आपटत. चट्. चट्. सगळे ऐकत होते. उचलणाऱ्यांपैकी एकानं मान वळवून मागे पाहिलं, आणि मत्तान काका त्याच्यावर ओरडले, “पुढे बघ!”

गुहेच्या तोंडावरचा धोंडा आधीच सरकवला होता. आतून थंड, कोरडा वास येत होता. उजवीकडचा ओटा तोंडाशीच होता. त्यावर झाडून ठेवल्याच्या खुणा होत्या. दर वर्षी कोणीतरी तो झाडत आलं होतं.

“मार हाक,” मत्तान काका म्हणाले.

मी तोंड उघडलं. दोन्ही नावं घशात होती. यादोन म्हटलं असतं, तर आईच्या डोक्यावर छप्पर राहिलं असतं, आणि ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं त्या वडिलांना ओटा मिळाला असता. अज्जूर म्हटलं असतं, तर आईला मीच उंबऱ्याबाहेर काढलं असतं. मागे बायका वाट पाहत होत्या. कुठल्याच नावाला आवाज फुटेना.

“थांब,” आई म्हणाली.

ती गर्दीतून पुढे आली. घोंगडीच्या पायथ्याशी आली आणि खाली बसली. उजवा हात पुढे केला आणि उजव्या वहाणेची वरची वादी सोडू लागली. गाठ घट्ट होती. तिनं नखानं उचकटली. मग मधली, तांबड्या टाक्याची. मग खालची.

मत्तान काकांना कळायला क्षण लागला. “वहिनी! हे जिवंत माणसासाठी असतं!”

“जिवंत होते तेव्हा तुम्ही काढू दिली नाहीत, दादा.” ती वर न पाहता बोलत होती. “मी विचारलं होतं. यमी तीन वर्षांची असताना वेशीत येऊन विचारलं होतं, की आता मूल झालं, घर बांधून झालं, यांना सोडता का. तुम्ही म्हणालात, मुलगा होऊ दे.”

“नियम...”

“आणि या वहाणा तुम्हालाच सापडल्या ना? कशा होत्या?”

मत्तान काकांनी गुहेकडे पाहिलं.

“सांगा की. तुम्हीच सांगितलं होतंत मला तेव्हा. दरीच्या काठावर, शेजारी शेजारी. चादर घडी करून वर ठेवलेली. पाय घसरून पडणारा माणूस वहाणा काढून ठेवतो होय? चादरीची घडी घालतो?” तिसरी वादी सुटली. “त्यांनी स्वतःच काढल्या. कुठे गेले मला ठाऊक नाही. मेले असतील, नसतील. पण माझ्या घरातून ते आपल्या हातानं वहाणा काढून गेले. आणि आपण तेवीस वर्षं त्या या माणसाच्या पायात घातल्या.”

तिनं वहाण ओढून काढली. लोकरीचा बोळा आत राहिला. पाऊल उघडं पडलं, लहान आणि पांढरं. आई उभी राहिली, बाजूच्या मातीत थुंकली, आणि वेशीत बोलतात त्या स्पष्ट आवाजात म्हणाली,

“भावाचं घर ज्यानं बांधलं, त्याला मी मोकळं करते. याचं नाव अज्जूर.”

मी आईच्या तोंडून ते नाव त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

“सिल्ला,” मत्तान काका हळू म्हणाले, “वावर जाईल. सगळे ऐकतायत.”

“जव अर्धे कापून झालेत. विळे भिंतीला टांगलेत,” आई म्हणाली. “यमी, मार हाक.”

“अज्जूर!” मी ओरडले. “बाबा!”

गुहा नावं परत देते. आजोबांच्या वेळी मी ऐकलं होतं. हाक आत जाते, खड्ड्यापर्यंत पोचते आणि थोडी बदलून बाहेर येते. तशी ती आली.

“अज्जूर! बाबा!”

पुन्हा आली, जरा खालच्या आवाजात.

तिसऱ्यांदा मी हाक मारली आणि काही आलं नाही. माझा आवाज आत गेला आणि कोणीतरी तो हातात घ्यावा तसा थांबला. तिर्सा मावशीनं छातीवर हात ठेवला. धोंड्याजवळचे दोन पुरुष मागे सरकले.

मग तिर्सा मावशीनं तोंड उघडलं. “अज्जूर रे! मेंढ्या राखणाऱ्या अज्जूर रे!” तिच्या मुलींनी सूर धरला, आणि सगळा गाव रडू लागला. मी गळ्यापाशी झगा धरून फाडला, मुलीनं बापासाठी फाडावा तसा.

त्यांना आम्ही डावीकडच्या ओट्यावर निजवलं. उजवं पाऊल अनवाणी होतं. डाव्या पायातली वहाण तशीच राहिली. ती काढायची रीत नाही, आणि कोणाला सुचलंही नाही.

आई माझ्याबरोबर हेब्रोनला आली. मत्तान काकांनी तिच्याबरोबर अर्धे जव आणि कानफाटीच्या वंशाची एक मेंढी पाठवली. त्यांच्याबद्दल हेही लिहायला हवं.

वर्षानं हाडं गोळा करायला आम्ही गेलो. धोंडा जसा लावला होता तसाच होता, फटींतली माती न हललेली. आत मत्तान काका दिवा घेऊन पुढे होते, ते मध्येच थांबले. बाबांच्या पायात वहाण नव्हती. ती समोर, उजवीकडच्या रिकाम्या ओट्यावर होती. सरळ ठेवलेली, टोक बाहेरच्या वाटेकडे.

“उंदीर,” मत्तान काका म्हणाले.

“उंदीरच,” मी म्हटलं.

वाद्या कुरतडलेल्या नव्हत्या. तिन्ही गाठी सोडलेल्या होत्या. आम्ही तिला हात लावला नाही.

आई या हिवाळ्यात गेली. सतरा वर्षं ती माझ्याजवळ राहिली. यादोनचं नाव तिनं पुन्हा घेतलं नाही, आणि अज्जूर हे नावही दुसऱ्यांदा उच्चारलं नाही. तिच्या गाठोड्यात, लोकरीच्या धाबळीखाली, तेल लावलेली उजवी वहाण निघाली. तांबडा टाका अजून शाबूत होता. पुढे लोकरीचा बोळाही तसाच, अंगठ्याचा खळगा पडलेला.

मी आईला गावी नेलं. मत्तान काका आता नाहीत. त्यांच्या मुलांनी धोंडा सरकवला आणि ते बाहेर थांबले. मी तिच्या नावानं हाक मारली आणि तिला डावीकडच्या ओट्यावर निजवलं. मग पलीकडे वळले. डावी वहाण होती तिथेच होती. तिच्याशेजारी मी उजवी ठेवली, जोडीनं, टोकं बाहेरच्या वाटेकडे. ज्याच्या होत्या त्याला कुठे जायचं असेल तर जाता यावं.

लोकरीचा बोळा मात्र मी काढून घेतला. तो माझ्याजवळ आहे.